स्टॅकवरची जागा: अलोका, व्हीएलए की साधा बफर?

प्रश्न: आमच्या सी प्रोग्रॅममध्ये दोन फाइल-पाथ जोडायला अलोका, म्हणजे स्टॅकवर (फंक्शन चालू असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत) जागा देणारं फंक्शन, वापरलं आहे. लिनक्सवर ते चालतं, पण विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ‘अलोका.एच’ सापडत नाही म्हणून थांबतो. व्हीएलए, म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये लांबी ठरणारा अ‍ॅरे, वापरून पाहिला. तोही त्याला चालत नाही. दोन्हीकडे चालेल असं काय करावं?

उत्तर: अलोका सी भाषेच्या मानकात नाही, पॉझिक्समध्येही (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात) नाही. म्हणून ग्लिबसीत (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) ते ‘अलोका.एच’मध्ये असतं, बीएसडींवर ‘एसटीडीलिब.एच’मध्ये आणि विंडोजवर ‘मॅलॉक.एच’मध्ये, तेही नावाआधी अंडरस्कोर लावून. प्रीप्रोसेसरच्या दोन-चार ओळींत ही नावं जुळवता येतील, पण तेवढ्यावर थांबू नका. जागा पुरली नाही तर अलोका नल (रिकामा पॉइंटर) देत नाही, त्यामुळे चूक हाताळायची संधीच मिळत नाही. त्यात स्टॅकचं माप सगळीकडे वेगळं. लिनक्सच्या मुख्य थ्रेडला सहसा ८ एमबी, विंडोजवर न सांगता मिळतो १ एमबी, मॅकओएसवरच्या दुय्यम थ्रेडला ५१२ केबी आणि मसल या लिनक्सवरच्या दुसऱ्या सी लायब्ररीच्या नव्या थ्रेडला जेमतेम १२८ केबी. एका ठिकाणी बिनबोभाट चालणारी ३०० केबीची मागणी दुसरीकडे प्रोग्रॅम पाडते.

व्हीएलएचंही तसंच. सी९९ (सी भाषेचं १९९९ चं मानक) मध्ये तो सक्तीचा होता, सी११ ने ऐच्छिक केला. सी२३ मध्येही स्टॅकवर असा अ‍ॅरे देणं कंपायलरच्या मर्जीवर आहे आणि मायक्रोसॉफ्टने तो दिलेला नाही. लिनक्स कर्नलनेही २०१८ मध्ये आपल्या कोडमधून व्हीएलए काढून टाकले.

आमचा सल्ला स्पष्ट आहे: फंक्शनमध्ये १,०२४ बाइटांचा ठरावीक बफर ठेवा आणि गरज त्याहून मोठी असेल तेव्हाच मॅलॉककडे, म्हणजे हीपवर (फ्री करेपर्यंत टिकणाऱ्या मेमरीत) जागा देणाऱ्या फंक्शनकडे, जा. तुमच्या कामात गरज म्हणजे पहिल्या पाथची लांबी, दुसऱ्याची लांबी, अधिक २: एक बाइट मधल्या स्लॅशला, एक शेवटच्या शून्याला. हा शेवटचा बाइट फार वेळा विसरला जातो. पॉइंटर आधी बफरकडे वळवा. गरज १,०२४ च्या वर गेली तर त्याला मॅलॉकचा पत्ता द्या आणि नल आला का ते तिथेच तपासा. बाहेर पडण्याची वाट एकच ठेवा. तिथे ‘पॉइंटर बफरकडे नसेल तरच फ्री’ ही अट लिहा, कारण स्टॅकवरच्या पत्त्यावर फ्री चालवलं तर हीप बिघडतो. जोडलेला पाथ फंक्शनबाहेर द्यायचा असेल, तर हा बफर कामाचा नाही. तेव्हा सुरुवातीपासून मॅलॉकच घ्या.

अक्षरांऐवजी स्ट्रक्ट किंवा डबल ठेवणार असाल, तर नुसत्या कॅर अ‍ॅरेला योग्य अलाइनमेंट (त्या प्रकाराला लागणारा, ठरावीक पटीतला पत्ता) मिळेलच असं नाही. सी११ मधल्या ‘मॅक्स_अलाइन_टी’सोबत युनियन करून बफर जाहीर करा. आणि संख्या गुणिले आकार करण्याआधी संख्या ‘साइझ_मॅक्स भागिले आकार’पेक्षा मोठी नाही ना, ते पाहा; साइझ_मॅक्स म्हणजे आकारासाठी मावणारा सर्वांत मोठा आकडा. गुणाकार त्या मर्यादेबाहेर जाऊन लहान आकड्यावर उलटला तर मॅलॉक छोटी जागा देईल आणि तुम्ही तिच्यापलीकडे लिहीत जाल.

प्रश्न: लूपमध्ये अलोका वापरल्यावर थोड्या वेळाने सेगमेंटेशन फॉल्ट का येतो?

उत्तर: अलोकाची जागा ब्लॉक संपल्यावर सुटत नाही, फंक्शन परतल्यावरच सुटते. दर फेरीला ४ केबी घेतलेत, तर २,०४८ फेऱ्यांत ८ एमबी भरतात. इतर वापर धरला तर प्रोग्रॅम त्याआधीच कोसळेल. बफर लूपच्या बाहेर एकदाच घ्या, प्रत्येक फेरीत तोच वापरा आणि लागेल तेव्हाच वाढवा.

प्रश्न: जुन्या कोडमध्ये असे वापर कसे शोधायचे?

उत्तर: जीसीसी कंपायलरच्या ७ व्या आवृत्तीपासून ‘वजा-डब्ल्यू-अलोका’ हा इशारा आहे, ‘वजा-डब्ल्यू-व्हीएलए’ त्याच्याही आधीपासून. दोन्ही लावून पूर्ण बिल्ड करा, प्रत्येक ठिकाणाची ओळ मिळेल. त्यातही वापरकर्त्याकडून किंवा नेटवर्कवरून आलेल्या आकड्यावर आकार ठरतो, ती ठिकाणं आधी बदला. आकडा पुरेसा मोठा असला तर स्टॅक त्याच्या टोकाचं गार्ड पेज (स्पर्श होताच प्रोग्रॅम थांबवणारं राखीव पान) ओलांडून थेट दुसऱ्या मेमरीत जाऊ शकतो.