घाणेरी काढताना पैसे कशाचे द्यायचे?

प्रश्न : भोरजवळ साडेतीन एकर उताराची जमीन घाणेरीने, म्हणजे टणटणीच्या काटेरी झुडपांनी भरलीय. एक ठेकेदार जेसीबीने दोन दिवसांत साफ करतो म्हणतो, दुसरा माणसं लावून महिनाभरात. जेसीबी स्वस्त पडतोय. काय करावं?

उत्तर : दोन दिवसांत रान मोकळं दिसेल हे खरं. पण जेसीबी माती उलथतो, मातीतलं बी वर येतं आणि उतारावरची सुटलेली माती पहिल्याच पावसात ओढ्याला जाते. माणसंही नुसता कोयता चालवणार असतील तर तेही नको, कारण बुंध्याला दुप्पट फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांची पद्धत सोपी आहे. जमिनीखाली साधारण ३ इंचांवर कुदळीने मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप तिथंच उलटं टाकायचं, मुळं वर. मग ते पुन्हा माती धरत नाही. फळं पिकायच्या आत मात्र उरका.

प्रश्न : काम उक्तं द्यावं की रोजावर?

उत्तर : उक्तं दिलं की मुकादमाला घाई, रोजावर दिलं की तंबाखूला वेळच वेळ! आधी एक गुंठा रोजावर करून घ्या, किती माणसं लागली ते वहीत लिहा आणि त्यावरून एकरी उक्ता दर ठरवा. दाट जाळीचा आणि विरळ झुडपांचा दर एकच नको.

पैसे मात्र सगळे एकदम देऊ नका. निदान चौथा हिस्सा पुढच्या पावसाळ्यानंतर उगवलेली रोपं काढायच्या फेरीसाठी राखून ठेवा आणि तसं कागदावर घ्या. बुलबुल फळं खाऊन झाडावर बसतात, त्यामुळे नवी रोपं झाडांखालीच जास्त उगवतात. ओल्या मातीत ती हाताने उपटता येतात. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून सरकार परकी झाडं काढायला स्थानिक लोकांच्या छोट्या टोळ्यांना ठेके देतं. तिथंही पुढची फेरी राहिली की आधीचा खर्च पाण्यात. बिल चुकवण्याआधी दोन-चार बुंधे स्वतः ओढून बघा. एका शेतावर मी ओढला, तर हलेचना. घोट्याएवढ्या उंचीवर कापून वर पालापाचोळा पसरला होता.

प्रश्न : आमची ग्रामपंचायत दरवर्षी तळ्यातली जलपर्णी काढायला टनावर ठेका देते. योग्य आहे का?

उत्तर : नाही. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणजे तुम्ही पाणी तोलून विकत घेताय. ठेका मोकळ्या झालेल्या पाण्याच्या गुंठ्यावर द्या आणि ढीग पुराच्या रेषेबाहेर टाकायची अट घाला. गावचं सांडपाणी तळ्यात येत असेल तर आधी ते वळवा. नाहीतर पोसलेली जलपर्णी दोनेक आठवड्यांत दुप्पट होते.