दृष्टिबाधित व्यक्तीसाठी सेन्सर लावलेली पांढरी काठी मोकळ्या रस्त्यावरही वाजत राहते आणि खरा अडथळा मात्र सोडते. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय त्यावरून सेन्सर (एचसी-एसआर०४, म्हणजे ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) काठीच्या खालच्या टोकाकडे, जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आहे. २ मीटरच्या आत काही आलं की बझर वाजतो. घरात काठी ठीक चालते, रस्त्यावर नेली की वाजत सुटते. कोड सुधारायचा आहेच, पण मुख्य चूक सेन्सरच्या जागेत आहे.

या सेन्सरचा ध्वनी शंकूसारखा पसरतो. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १५-१५ अंश धरून चाला. ३० सेंटिमीटर उंचीवरून सरळ समोर सोडलेल्या शंकूची खालची कड साधारण १ मीटर १० सेंटिमीटरवर जमिनीला टेकते. गुळगुळीत फरशीवरून ध्वनी पुढे निसटतो, म्हणून घरात त्रास होत नाही. खडी, गवत किंवा खडबडीत डांबर आलं की तोच ध्वनी परत फिरतो आणि सेन्सर जमिनीलाच अडथळा समजतो.

मुळात खाली सेन्सर हवाच कशाला? जमिनीवरचं काय ते पांढरी काठी स्वतःच टोकाने सांगते, आणि सेन्सरपेक्षा चांगलं सांगते. तिला सापडत नाही ते वरचं: ट्रकचा बाहेर आलेला मागचा भाग, उघडी खिडकी, झुकलेली फांदी, जिन्याची खालची तिरकी बाजू. माणसाच्या छातीला आणि डोक्याला इजा होते ती यांच्यामुळे. तेव्हा सेन्सर मुठीच्या लगेच खाली, सुमारे ८५ सेंटिमीटर उंचीवर घ्या आणि २० अंश वर वळवा. मग दीड मीटरवर त्याच्या टप्प्यात साधारण १ मीटर ते १.९ मीटर उंचीचा पट्टा येतो आणि जमीन पूर्ण सुटते. ३० अंश केलेत तर दाराच्या चौकटीची वरची पट्टीही अडथळा ठरेल. हा कोन जमिनीशी मोजायचा, काठीशी नाही. जी व्यक्ती काठी वापरणार तिला ती नेहमीसारखी धरायला सांगा आणि मगच क्लॅम्प आवळा. वजन मुठीपाशी राहिल्याने मनगटही कमी दुखतं.

आता कोड. पल्सइनला (आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाची, प्रतिध्वनीला लागलेला वेळ मोजणारी आज्ञा) वेळेची मर्यादा दिली नाही तर ते एक सेकंदापर्यंत थांबू शकतं, आणि एक सेकंदात माणूस मीटरभर पुढे गेलेला असतो. मर्यादा १५,००० मायक्रोसेकंद ठेवा, म्हणजे अडीच मीटरपर्यंतचं अंतर मिळतं (मायक्रोसेकंद भागिले ५८ म्हणजे सेंटिमीटर). पुढचा ट्रिगर (ध्वनी सोडण्याचा इशारा) देण्याआधी इको पिन (प्रतिध्वनी कळवणारी जोडणी) खाली, म्हणजे शून्यावर आली आहे ना ते तपासा आणि दोन मोजमापांत ६० मिलिसेकंद जाऊ द्या, नाहीतर आधीचाच प्रतिध्वनी नव्या मोजणीत शिरतो. शेवटच्या तीन मोजमापांतलं मधलं मूल्य घ्या. सरासरी नको, कारण एक चुकीचा आकडा तिन्ही बिघडवतो. पाच-सात मोजमापं घेण्याचा मोहही टाळा. काठी डावी-उजवी फिरत असते, बारीक खांब जेमतेम तीन-चार मोजमापांपुरता समोर येतो आणि जास्त गाळणीत तो नाहीसा होतो. तापमानानुसार दुरुस्ती करत बसू नका. २० अंश सेल्सिअसच्या फरकाने दीड मीटरमागे पाचेक सेंटिमीटरच इकडेतिकडे होतात.

बझर काढाच, ही माझी आग्रहाची विनंती आहे. दृष्टिबाधित व्यक्ती रस्ता कानांनी वाचते: वाहनं, भिंतीजवळ बदलणारा आवाज, पावलांचा प्रतिध्वनी. त्यावर आपला बझर वाजवणं म्हणजे तिचा मुख्य आधार काढून घेणं. मुठीत तर्जनीखाली ३ व्होल्टची चपटी व्हायब्रेशन मोटर लावा. ती साधारण ८० मिलिअँपिअर घेते, म्हणून थेट आर्डुइनोच्या पिनवर जोडू नका. २एन२२२२ ट्रान्झिस्टर, बेसला १ किलोओहमचा रेझिस्टर आणि मोटरवर उलटा डायोड एवढं हवंच. मोटरला वीज लिथियम सेलवरून द्या आणि पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून सरासरी कमी ठेवण्याची पद्धत) ७० टक्के ठेवा, म्हणजे ४.२ व्होल्टलाही मोटर जळणार नाही. सेन्सरच्या पुरवठ्यावर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. मोटर सुरू होताना व्होल्टेज दबतं आणि चुकीचा आकडा येतो. शक्यतो मोटर बंद असतानाच मोजा.

कंपनाचा जोर बदलून अंतर सांगू नका, हाताला तो फरक नीट कळत नाही. ठोक्यांचा वेग बदला: १५० सेंटिमीटरच्या आत दर ८०० मिलिसेकंदांनी एक ठोका, ८० च्या आत दर ३००. सूचना थांबण्याची मर्यादा सुरू होण्याच्या मर्यादेपेक्षा १५ सेंटिमीटर जास्त ठेवा, नाहीतर सीमेवर उगाच ठोके चालू-बंद होत राहतात.

एवढं करूनही काही गोष्टी सुटतील. जाड कापड ध्वनी शोषतं, आणि गुळगुळीत तिरका पत्रा तो भलतीकडे परतवतो. त्यामुळे चाचणी फक्त भिंतीसमोर करू नका. लोंबता पडदा, बारीक पाइप आणि ४५ अंशात धरलेला पुठ्ठा, तिन्ही वापरा. खड्डा आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्या या जोडणीला कधीच कळणार नाहीत. ते काम काठीच्या टोकाचंच आहे, हे काठी हातात देताना स्पष्ट सांगा. ज्यांनी पांढरी काठी वापरण्याचं प्रशिक्षण अजून घेतलेलं नाही, त्यांना आधी साधी काठी शिकू द्या.