झेरॉक्सचे मोठे यंत्र की चांगला की-बोर्ड? चार लाखांच्या ठेवीचा प्रश्न

प्रश्न (बार्शीहून एका वाचक भगिनीचा): माझे वय ३४. एमएस-सीआयटी झाले आहे आणि मराठी टायपिंगची ४० शब्दांची परीक्षाही उत्तीर्ण आहे. घरूनच वकिलांचे टायपिंग करते, महिन्याला साडेसात हजार सुटतात. यजमानांचा पगार २२,००० रुपये, घरखर्च २४,०००, दोन मुले शाळेत. यजमानांच्या आधीच्या नोकरीतल्या पीएफचे ४ लाख रुपये तीन वर्षांच्या मुदत ठेवीत ७.१ टक्क्यांनी ठेवले आहेत, १४ महिने बाकी आहेत. ती मोडून तहसील कार्यालयाजवळ ६,००० रुपये भाड्याच्या गाळ्यात संगणक व झेरॉक्स सेंटर डिसेंबरमध्ये टाकावे असा विचार आहे. विक्रेत्याने ३,१८,००० रुपयांचे कोटेशन दिले आहे. शिवाय डिपॉझिट ३०,००० आणि फर्निचर २५,०००. टाकू का?

उत्तर:

ताई, सेंटर जरूर टाका. ठेव मात्र मोडू नका, आणि यंत्रांचा खर्च एक लाखाच्या आसपास आणा.

तुम्ही पाठवलेले कोटेशन मी ओळ न् ओळ वाचले. दोन संगणक ८४,०००, रिकंडिशन केलेले मोठे झेरॉक्स यंत्र ८५,०००, रंगीत इंक टँक प्रिंटर १८,०००, काळा-पांढरा लेझर १७,०००, पीव्हीसी कार्ड छापण्याचा संच २६,०००, प्रोजेक्टर ३८,०००, टच स्क्रीन २२,०००. उरलेल्या २८,००० मध्ये यूपीएस, लॅमिनेशन, स्पायरल, अंगठ्याचे यंत्र, वेबकॅम, स्पीकर. संगणक बाजूला ठेवले तर जवळजवळ सगळा पैसा माहिती बाहेर काढणाऱ्या यंत्रांत आहे: छापणारी, दाखवणारी, ऐकवणारी. माहिती आत घेणारी यंत्रे, म्हणजे की-बोर्ड, स्कॅनर, वेबकॅम, यांच्यावर किरकोळ रक्कम. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे, कारण तुमच्या धंद्यातली कमाई आत घेण्याच्या बाजूला आहे. कागद बाहेर काढून द्यायला त्या रस्त्यावर आणखी दुकाने असणारच, आणि तिथे भावावरच स्पर्धा होते. वकिलाच्या हस्ताक्षरातला मजकूर न चुकता, वेगाने, शुद्ध मराठीत आत घालणारे हात मात्र सहज मिळत नाहीत.

हे आकड्यांत मांडतो. गाळ्याचे भाडे ६,०००, व्यावसायिक दराची वीज आणि इंटरनेट धरून महिन्याचा स्थिर खर्च ८,५०० होईल. आज घरी बसून, भाडे न देता, तुम्ही साडेसात हजार मिळवता. ते सुटले तर दुकानाचा उपयोग काय? म्हणून तेही खर्चातच धरायचे. यंत्रे चार वर्षांनी बदलावी लागतील असे समजून दरमहा बाजूला टाकायची रक्कम वेगळी. विक्रेत्याची ३,१८,००० ची यादी घेतली तर ती ६,६०० च्या पुढे जाते, एक लाखाच्या यादीत २,१०० राहते. म्हणजे छोट्या यादीने महिन्याला १८,१०० रुपये, २६ दिवसांच्या हिशेबाने रोज सुमारे ७०० रुपये सुटले, तर तुम्ही आजच्याइतक्याच जागी उभ्या असाल. खरी वाढ त्याच्या वर सुरू होते. मोठ्या यादीने हाच आकडा रोज ८७० होतो.

आता ७०० रुपये सुटणार कशातून? झेरॉक्सचे २ रुपये मिळतात असे धरू. कागद, शाई आणि फुकट जाणारी पाने मिळून ८० पैसे गेले तर १ रुपया २० पैसे उरतात. केवळ झेरॉक्सवर विसंबलात तर रोज ५८३ प्रती काढाव्या लागतील. टायपिंगच्या पानाला ३० रुपये घेतले तर २८ सुटतात, म्हणजे २५ पाने पुरतात. ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे ५० घेतले तर ४५ सुटतात, १६ अर्जांत काम होते. तिन्हींचे मिश्रण जास्त खरे वाटते: दहा पाने टायपिंग, सहा अर्ज आणि सव्वाशे झेरॉक्स, की झाले ७००. यातले दर तुमच्या रस्त्यावरचे घालून हीच गणिते पुन्हा करा. आकडे थोडे हलतील, टायपिंग आणि झेरॉक्समधले अंतर मिटणार नाही.

म्हणून यादी अशी बदला. एकच नवा संगणक घ्या, ४२,००० चा. दुसऱ्याची गरज पडेपर्यंत घरचा चालू लॅपटॉप दुकानात आणा. नव्या संगणकाबरोबर फुकट येणाऱ्या की-बोर्डवर मात्र काम करू नका. दिवसभर टाइप करणाऱ्या माणसाचे ते मुख्य हत्यार आहे. दोन-अडीच हजारांचा दमदार की-बोर्ड घ्या. तुमचे हात रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर बसले असतील तर इनस्क्रिप्ट या सरकारी मांडणीचाही सराव ठेवा. सरकारी कामात युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणारी अक्षरे लागतात, आणि वकिलांकडून जुन्या फॉन्टमधल्या फाइलीही येत राहतात, तेव्हा एकातून दुसऱ्यात मजकूर नेता येणे हीसुद्धा पैसे मिळवून देणारी सेवा आहे.

टच स्क्रीन काढून टाका आणि त्याऐवजी साडेसहा हजारांचा साधा दुसरा मॉनिटर घ्या. तो गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवायचा. तुम्ही अर्ज भरत असताना समोरच्याला स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख दिसली पाहिजे. दाखल्यात एक वेलांटी चुकली तर पोराची प्रवेशाची वेळ निघून जाते, आई-बाप हेलपाटे घालतात आणि दोष दुकानावर येतो. ‘नीट बघा, बरोबर आहे ना?’ असे विचारून मगच अर्ज पाठवणारे दुकान लोक लक्षात ठेवतात. तुमच्या सगळ्या यादीत इतक्या कमी पैशांत इतका उपयोगी पडणारा दुसरा जिन्नस मला दिसत नाही.

वेबकॅम विक्रेत्याने शेवटी टाकला आहे, मी तो वर आणीन. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या अर्जात आता फोटो अपलोड करण्याऐवजी उमेदवाराचा थेट फोटो काढावा लागतो. अडीच हजारांचा बरा वेबकॅम, मागे साधी फिकट भिंत आणि समोरून उजेड एवढी सोय करा. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या अर्जात सहीची फाइल १० ते २० केबी, अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबी आणि हाताने लिहिलेले प्रतिज्ञापन ५० ते १०० केबी असे बंधन असते. मोबाइलवरून काढलेले फोटो या चौकटीत बसत नाहीत म्हणून पोरे दुकानात येतात. चांगला स्कॅनर आणि फाइल लहान करण्याचे कौशल्य इथे कामी येते.

त्यासाठी १७,००० चा साधा लेझर नको, पाच हजार जास्त घालून छापणे, स्कॅन आणि झेरॉक्स तिन्ही करणारा, वरून कागद ओढून घेणारा लेझर घ्या. बहुतेक लहान यंत्रांची काच ए-फोर मापाचीच असते. खरेदीखत किंवा दाव्याचा लीगल कागद तिच्यावर पुरता मावत नाही. वरून ओढणारी सोय असेल तर लीगल पान पूर्ण स्कॅन होते. तुमचे गिऱ्हाईक वकील आहेत, त्यामुळे विकत घेण्याआधी दुकानातच एक लीगल कागद घालून पाहा.

लेझर आणि इंक टँक दोन्ही हवेत, कारण दोघांची कामे वेगळी. लेझरची पावडर उष्णतेने कागदावर वितळून बसते, पाणी पडले तरी अक्षर फुटत नाही. कोर्टाच्या कागदाला तेच हवे. इंक टँकची शाई फार स्वस्त पडते, एपसनची ००३ क्रमांकाची काळी बाटली कंपनीच्या मापाने ४,५०० पानांची आहे. पण सर्वसाधारण रंगीत शाई पाण्याने ओघळते. रंगीत पाने आणि फोटो तिच्यावर, दस्तऐवज लेझरवर. टोनरच्या, म्हणजे लेझरच्या पावडरीच्या, खोक्यावरचा पानांचा आकडा पानाचा जेमतेम ५ टक्के भाग काळा होतो असे धरून काढलेला असतो. ओळखपत्राच्या गडद झेरॉक्स आणि भरगच्च सातबारे काढणाऱ्या दुकानात टोनर त्याच्या बराच आधी संपतो, म्हणून खर्च मोजताना खोक्यावरचा आकडा धरू नका. आणखी एक: लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका. पावडर वितळवताना तो एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस बसतो. यूपीएस फक्त संगणक, मॉनिटर आणि राउटरसाठी.

८५,००० चे झेरॉक्स यंत्र आता नकोच. वापरलेल्या यंत्राचे मीटर किती प्रती दाखवते, ड्रम कधी बदलला, सुट्या भागांसाठी माणूस बार्शीत येतो की सोलापूरहून, याबद्दल कोटेशनमध्ये एक अक्षर नाही. तीन महिने रोजच्या प्रती वहीत लिहा. आकडा सातत्याने तीनशेच्या पुढे गेला तर प्रतीमागे पैसे घेऊन यंत्र ठेवणाऱ्यांशी बोला, विकत घेण्याचा विचार त्यानंतर. प्रोजेक्टरसाठी तुमच्याकडे गिऱ्हाईकच नाही. पीव्हीसी कार्डाचा संच आधार कार्डे छापण्यासाठी सुचवला असावा. पण बाजारात छापलेली पीव्हीसी आधार कार्डे वापरू नका, त्यांत सुरक्षेची चिन्हे नसतात, असे आधार देणाऱ्या यूआयडीएआयने जानेवारी २०२२ मध्येच जाहीर केले आहे. अधिकृत कार्ड त्यांच्या संकेतस्थळावर मागवता येते. तो अर्ज भरून देणे हेच तुमचे काम.

अंगठ्याचे यंत्रही थांबू द्या. ते पैसे काढणे-भरणे किंवा अधिकृत केंद्राच्या कामाला लागते, आणि आपले सरकार सेवा केंद्र जिल्हा प्रशासनाच्या मंजुरीशिवाय चालवता येत नाही. मंजुरी मिळाली तर एल-१ दर्जाचे नवे यंत्र घ्या, ज्यात ठसा यंत्राच्या आतच सांकेतिक होतो. जुने एल-० यंत्र कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका, तो दर्जा मोडीत काढला जात आहे.

लॅमिनेशनचे यंत्र आणि यूपीएस प्रत्येकी साडेतीन हजार धरले तर यंत्रे १,००,५०० रुपयांत बसतात. फर्निचर १५,००० मध्ये भागवा, डिपॉझिट ३०,०००, कागद-टोनर-शाई ८,०००. एकूण १,५३,५००.

हे पैसे आणायचे कुठून? ठेव आज मोडली तर बँक बहुधा झालेल्या मुदतीचा कमी दर लावते आणि वर अर्धा ते एक टक्का दंड कापते. समजा हातात ५.८ टक्के पडले, तर ४ लाखांवर २२ महिन्यांत साधारण साडेनऊ हजारांचे व्याज गेले. त्याऐवजी ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढीच रक्कम उचला. त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त असतो, व्याज उचललेल्या रकमेवरच लागते आणि ठेवीचे ७.१ टक्के चालू राहतात. फरक एक टक्का असेल तर दीड लाखावर १४ महिन्यांचा निव्वळ भार पावणेदोन हजारांच्या आसपास येतो. ठेव यजमानांच्या नावावर असेल तर कर्जही त्यांच्याच नावावर होईल, म्हणून हा निर्णय दोघांनी बसून घ्या. मुद्रा योजनेत ५०,००० ते ५ लाखांपर्यंतचे किशोर कर्ज तारणाशिवाय मिळते, पण तुमच्याकडे स्वस्त मार्ग असताना त्याची गरज नाही.

या मार्गाने ठेवीतले २,४६,५०० रुपये मोकळे राहतात, म्हणजे दहा महिन्यांचा घरखर्च. विक्रेत्याच्या मार्गाने २७,००० उरले असते. यजमानांची नोकरी खासगी आहे, मुले लहान आहेत. त्या २७,००० च्या भरवशावर मी तुम्हाला दुकान उघडू देणार नाही. तुमच्या पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख नाही. तो नसेल तर चौघांचा ५ लाखांचा विमा गाळ्याच्या करारापूर्वी घ्या. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही.

विक्रेता ‘जीएसटी परत मिळतो’ म्हणतो, असे तुम्ही लिहिले आहे. नोंदणी असलेल्यालाच तो वजावटीत मिळतो. सेवा व्यवसायाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, तुम्ही ती करणार नाही, तेव्हा १८ टक्के हा तुमचा खर्चच. पक्के बिल मात्र घ्या, वॉरंटीसाठी लागते. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी फुकट होते. दुकानात दहापेक्षा कमी माणसे असल्याने शॉप ॲक्टखाली ऑनलाइन सूचना पुरते. दोन्ही स्वतः करा, कोणाला पैसे देऊ नका.

डिसेंबरमध्ये सुरुवात करू नका. या धंद्याचा हंगाम दहावी-बारावीच्या निकालांपासून ऑगस्टपर्यंत असतो. उत्पन्नाचे, जातीचे आणि नॉन-क्रिमीलेअरचे दाखले तेव्हाच लागतात. गाळा एप्रिलपासून घ्या. तोपर्यंत मॉनिटर, वेबकॅम आणि लेझर घरीच आणून वकिलांच्या कामासोबत अर्ज भरायला सुरुवात करा.

लोकांची आधार कार्डे आणि सह्या तुमच्या संगणकात राहणार आहेत. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना त्या फाइली आणि व्हॉट्सॲपवर आलेले कागद पुसून टाका.

विक्रेत्याकडून नवे कोटेशन घ्या: प्रत्येक वस्तूचे मॉडेल, वॉरंटी किती, दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येईल आणि रोख घेतल्यास सूट किती, हे चारही लेखी. दुसऱ्या दुकानातूनही तसेच एक घ्या आणि दोन्ही मला पाठवा.