पिव्होट खुशाल म्हण, पण आधी त्या फोनवाल्यांना सांग

पत्र असं आहे:

"ताई, माझं वय 39. चौदा वर्षं लग्नांचे, समारंभांचे फोटो काढले. मग मणक्याचा त्रास सुरू झाला आणि दोन कॅमेरे अंगावर घेऊन बारा-बारा तास उभं राहणं जमेना. गेले आठ महिने मी छोट्या व्यावसायिकांना त्यांच्या प्रॉडक्टचे फोटो मोबाईलवर नीट कसे काढायचे ते ऑनलाइन शिकवते. बॅच भरतात. संध्याकाळी घरी असते, मुलीशी निवांत बोलणं होतं, ते आधी कधी व्हायचंच नाही. हे सगळं लिहून मी 'माझा पिव्होट', म्हणजे कामाची दिशा कशी बदलली, अशी पोस्ट टाकली. फॅमिली ग्रुपवर दादाने लिहिलं, 'धंदा बंद पडला असं सरळ म्हण की.' मैत्रीण म्हणाली हा शब्द सगळ्यांनी इतका चावून चोथा केलाय की वाचताना क्रिंज वाटतं. नवरा म्हणतो एवढं मनावर काय घेतेस. मी पोस्ट डिलीट केली. आता कोणी विचारलं सध्या काय करतेस, तर तोंडातून धड वाक्य निघत नाही. माझ्याकडे असिस्टंट असलेली दोघं मुलं आता स्वतःची कामं घेतात. माझा जुना नंबर चालूच आहे, फोन येतात, एका बाईंचा तर दोनदा आला, मी 'सध्या बिझी आहे' एवढंच सांगते. तर ताई, पिव्होटऐवजी असा कुठला शब्द वापरू की लोक हसणार नाहीत?
— शब्द शोधणारी"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकले. दादापाशी नाही, मैत्रिणीपाशी नाही. "सध्या बिझी आहे एवढंच सांगते" इथे. तू ते वाक्य जाता जाता लिहून टाकलंयस, जसं काही त्यात सांगण्यासारखं काहीच नाही, पण तुझा सगळा प्रश्न त्याच वाक्यात आहे.

आठ महिने तू लोकांना सांगतेयस की तू बिझी आहेस. बिझी म्हणजे काय कळतं ऐकणाऱ्याला? की ही अजून हेच काम करते, फक्त आत्ता वेळ नाहीये, थोडं थांबलं तर जमेल. म्हणून तर त्या बाईंनी दुसऱ्यांदा फोन केला ना! त्यांच्या घरात काहीतरी मोठं ठरलंय, तारीख पक्की झालीय, आणि त्यांना तूच हवीयस म्हणून त्या अजून दुसऱ्या कोणाला बोललेल्या नाहीत. चांगले फोटोग्राफर कित्येक महिने आधी बुक होतात हे तुझ्याइतकं कोणाला माहितीये? तू "नाही" म्हणाली असतीस तर त्यांनी त्याच दिवशी दुसरा माणूस शोधला असता. तुझ्या संकोचाची किंमत त्या मोजतायत आणि त्यांना हे माहितही नाही. मला याचा राग आला, खरं सांगते. दादाच्या एका वाक्याने तुला एवढं लागलं, आणि तू आठ महिने तुझ्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसांना ताटकळत ठेवलंयस.

आता शब्दाचं. दुसरा शब्द मी देणार नाही, कारण तुझा शब्द बरोबर आहे.

बास्केटबॉलमध्ये खेळाडू बॉल हातात धरून थांबला की त्याचा एक पाय जमिनीला टेकलेलाच राहतो, तो पिव्होट फूट, आणि त्या पायावर तो दुसरा पाय हव्या त्या दिशेला टाकून अंग फिरवू शकतो. टेकलेला पाय घसरवला तर रेफरी ट्रॅव्हलिंग देतो आणि बॉल समोरच्या टीमला जातो. धंद्याच्या बोलण्यात हा शब्द अमेरिकन उद्योजक-लेखक एरिक रीस यांनी रुजवला, साधारण 2009 ते 2011 च्या काळात, आणि त्यांचं म्हणणं हेच होतं की आतापर्यंत जे शिकलात त्यावर एक पाय रोवून ठेवायचा आणि दिशा बदलायची. पुढे स्टार्टअपवाल्यांनी तो उचलला, मोठ्या कंपन्यांनी उचलला, 2020 मध्ये लॉकडाऊन लागले तेव्हा तर ज्याला त्याला रातोरात धंद्याची पद्धत बदलावी लागली आणि जो तो पिव्होट म्हणायला लागला. वापरून वापरून गुळगुळीत झाला हे मान्य. पण गुळगुळीत झाला म्हणजे खोटा झाला असं नाही ना.

तू दुसरे शब्द लावून बघ. नवी सुरुवात? म्हणजे चौदा वर्षं पाण्यात गेली आणि तू पाटी कोरी करून बसलीस, असं होतं. ब्रेक घेतलाय? खोटं आहे, तू रोज काम करतेयस. बदल? तो तर घराचा पडदा बदलला तरी म्हणतात. दादा म्हणतो तसं बंद पडला? तेही खोटं, गिऱ्हाईक अजून फोन करतंय त्याला कोणी बंद पडलेला धंदा म्हणत नाही. तुझ्या बाबतीत काय राहिलंय आणि काय फिरलंय ते बघ. खिडकीतून येणारा उजेड एका नजरेत ओळखणं, वस्तूच्या अंधाऱ्या बाजूला पांढरा कार्डबोर्ड धरून सावली मऊ करणं, पिवळा दिवा आणि दिवसाचा उजेड एकत्र आला की रंग का बिघडतात हे सांगता येणं, बुजलेल्या माणसाला दोन मिनिटांत मोकळं करणं, हे सगळं तुझ्याकडे त्या चौदा वर्षांतून आलंय आणि तेच तू आज शिकवतेयस. पाय तिथेच आहे, तोंड फिरलंय. याला पिव्होट नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आणि हो, घरचंही त्यातच धर. संध्याकाळी मुलीशी बोलणं होतं हे तू एका ओळीत उरकलंस, पण आयुष्यातली वाढ नुसती कमाईत मोजायची नसते, आणि मणक्याने जे सक्तीने करायला लावलं त्यातून तू घरासाठीही काहीतरी मिळवलंस, तेसुद्धा त्या पोस्टमध्ये होतं आणि तू ते डिलीट केलंस. त्याचं मला वाईट वाटलं.

दादा असं का म्हणाला असेल याचा विचार केला मी. हा शब्द बदनाम झालाय तो उगीच नाही. 2017 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या लाँग आयलंड आइस्ड टी नावाच्या थंड चहाच्या कंपनीने आपलं नाव बदलून लाँग ब्लॉकचेन केलं, जाहीर केलं की आता आमचं लक्ष ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनामागच्या तंत्रज्ञानावर, आणि नुसत्या त्या घोषणेवर शेअरचा भाव एका दिवसात दुपटीच्या पलीकडे गेला. फिरलं काय होतं? पाटी. पुढच्याच वर्षी नॅसडॅक या तिथल्या शेअर बाजाराने तो शेअर यादीतून काढला. अशा गोष्टी ऐकून ऐकून लोकांना वाटतं की पिव्होट म्हणणारा प्रत्येक जण काहीतरी झाकतोय. तू काही झाकत नाहीयेस असं मला छातीठोकपणे म्हणायचं होतं, पण तो "बिझी" मध्ये आला. पोस्टमध्ये पिव्होट आणि फोनवर बिझी, अशी दोन वेगळी उत्तरं तू देतेयस, आणि म्हणून दादाच्या एका वाक्याने तुझी जीभ अडखळली. तुला आतून माहीत होतं की अर्ध्या लोकांना तू अजून सांगितलेलंच नाही.

ज्यांनी हे नीट केलं त्यांचं एक उदाहरण सांगते, मला ते फार आवडतं. स्ट्युअर्ट बटरफिल्ड आणि त्यांची टीम ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम चालवत होती. गेमवर जीव लावणारे खेळाडू होते, पण धंदा म्हणून तो उभा राहत नव्हता. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी खेळाडूंना सरळ सांगितलं की आम्ही हा बंद करतोय, डिसेंबरमध्ये बंद केला, लोकांनी भरलेले पैसे परत देऊ केले, ज्या सहकाऱ्यांची नोकरी गेली त्यांना दुसरीकडे काम मिळावं म्हणून त्यांची माहिती देणारं पान साइटवर लावलं, आणि वर्षभराने गेममधली चित्रं कोणालाही वापरता येतील अशी मोकळी केली. आणि टेकलेला पाय कुठला होता? गेम बनवताना टीमने आपापसात बोलायला जी सिस्टिम तयार केली होती ती. तिचंच 2013 मध्ये स्लॅक झालं, आज कितीतरी ऑफिसं त्यावर चालतात. लोक स्लॅकचं यश सांगतात, मला त्याच्या आधीचे ते काही आठवडे जास्त मोठे वाटतात, कारण त्यांनी खेळाडूंना "सर्व्हर सध्या बिझी आहे" असं सांगून लटकवलं नाही.

तू बिझी का म्हणतेस हेही मला कळतंय गं. तुला भीती आहे की उद्या बॅच भरल्या नाहीत तर परत जायला दार उघडं असावं. पण त्या दारातून आत जायला जो मणका लागतो तो आता साथ देत नाही, हे तूच लिहिलंयस. दार उघडं ठेवून तू स्वतःला रोज एकदा तिथे नेऊन उभी करतेस आणि रोज नाही म्हणून परत येतेस. फोन वाजला की पोटात गोळा येत असेल ना तुझ्या? आठ महिने हे सोसलंस, पुष्कळ झालं.

नवऱ्याचं "मनावर काय घेतेस" हे ऐकायला समजूतदार वाटतं, पण ते ऐकू नकोस. मनावर घेण्यासारखंच आहे हे. तू चौदा वर्षं जे नाव कमावलंस ते कुठल्या कामाशी जोडलेलं राहणार याचा प्रश्न आहे, आणि तो सोडून देण्यातला नाही.

म्हणून एकच काम सांगते. फोनची यादी उघड, या आठ महिन्यांत ज्यांना ज्यांना "बिझी आहे" म्हणालीस त्या प्रत्येकाला उलट फोन कर. मेसेज नको, फोन. म्हण की मी आता समारंभांचं काम करत नाही, पाठीमुळे थांबवलं, गेले आठ महिने मी प्रॉडक्ट फोटोग्राफी शिकवते, मी पिव्होट केलंय, आणि तुम्हाला हे आधीच सांगायला हवं होतं. मग लगेच त्या दोन मुलांची नावं आणि नंबर दे. ती तुझ्याच हाताखाली तयार झालीत, तुझ्यासारखा फोटो हवा असणाऱ्याला त्यांच्यापेक्षा चांगलं कोण भेटणार? मुलांना कामं मिळतील, गिऱ्हाइकाची सोय होईल. शिवाय तू ज्यांचे फोटो काढलेस त्यांच्यापैकी कितीजण आज स्वतः काहीतरी बनवून विकत असतील, त्यांना आजवर माहीतच नाही की तू नेमकं तेच शिकवतेस, कारण तू सांगितलंच नाहीस.

दहा जणांना हे वाक्य मोठ्याने सांगून झालं की शब्द तुझ्या तोंडात बसेल. तेव्हा तीच पोस्ट परत टाक, पिव्होट शब्दासकट, एक अक्षर न बदलता. मैत्रिणीला क्रिंज वाटलं तर वाटू दे. दादाला ग्रुपवर उत्तर देत बसू नकोस, तो पुढच्या वेळी भेटला की त्याला तुझी एक बॅच दाखव.

पहिला फोन त्या दोनदा फोन केलेल्या बाईंना. हे वाचून झालं की लगेच, त्यांची तारीख जवळ आली असेल.