कोस्टा रिकाच्या फुटबॉल लीगमध्ये एकाच हंगामाचे दोन विजेते कसे? 2021-22 चा खरा चॅम्पियन कोण?

तुमचा गोंधळ असा आहे: 2021-22 च्या हंगामात एका ठिकाणी एरेदियानो हा क्लब विजेता दिसतो, दुसऱ्या ठिकाणी कार्तागिनेस, आणि वर तिसरा एक एकत्रित तक्ता आहे, त्यात क्रम आणखीनच वेगळा. मग हंगाम जिंकला कोणी?

दोघांनीही. खरं तर 'हंगामाचा विजेता' ही भानगडच तिथे नाही.

एका हंगामात दोन स्वतंत्र स्पर्धा होतात. जुलै ते डिसेंबर आपेर्तुरा आणि जानेवारीपासून पुढे क्लाउसुरा, म्हणजे उघडणारी आणि मिटवणारी. दोन्हींत तेच संघ (2021-22 मध्ये 12 होते, प्रत्येकाचे 22 सामने), आणि दर वेळी गुणांची पाटी कोरी. पहिले चार उपांत्य फेरीत जातात. दोन्ही विजेतेपदं पूर्ण एकेक मोजली जातात, अर्धी-अर्धी नाहीत. तुम्हाला दिसलेला तिसरा तक्ता म्हणजे दोन्ही स्पर्धांच्या गुणांची बेरीज. त्याचा मुख्य उपयोग खालच्या टोकाला: बेरजेत जो शेवटचा, तो दुसऱ्या श्रेणीत जातो. वर कोण आहे यावर चषक ठरत नाही.

यात एक मेख आहे. साखळीत पहिला आलेला संघ एक आणि उपांत्य-अंतिम करून बादफेरी जिंकणारा दुसराच, असं झालं तर त्या दोघांत आणखी दोन सामने होतात. त्याला 'ग्रान फिनाल' म्हणतात. म्हणजे महिनोन्‌महिने पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या संघाला बादफेरीत घसरल्यावरही एक संधी उरते. मला हे बरं वाटतं. आयपीएलमध्ये 2009 साली डेक्कन चार्जर्स चौथे येऊन चषक घेऊन गेले, तेव्हा वर बसलेल्यांना अशी सोय नव्हती.

छोट्या स्पर्धांची ही पद्धत कोस्टा रिकाची स्वतःची नाही. अर्जेंटिनाने 1991 मध्ये आणि मेक्सिकोने 1996 मध्ये हंगामाचे असे दोन तुकडे केले, मग मध्य अमेरिकेत सगळीकडे तेच रुळलं. कारण सरळ आहे. वर्षातून एक अंतिम सामना भरवण्यापेक्षा दोन भरवले तर तिकीटं दोनदा खपतात आणि टीव्हीवाले दोनदा पैसे मोजतात. मध्यंतरी कोस्टा रिकात या स्पर्धांची नावं 'इन्विएर्नो' आणि 'वेरानो' अशी होती. शब्दकोशात पाहाल तर हिवाळा आणि उन्हाळा. पण तिथे इन्विएर्नो म्हणजे आपला पावसाळा! मेपासून नोव्हेंबरपर्यंत दुपारी धो धो पाऊस आणि संध्याकाळी चिखलात सामना. डिसेंबर ते एप्रिल कोरडे महिने, तो वेरानो. कोल्हापूरच्या माणसाला हे ऋतुचक्र समजावून सांगावं लागत नाही.

हो, मी कोल्हापूरचा. या देशाचं वेड लागलं ते 2017 मध्ये. 17 वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात होता, आमच्या गावचा अनिकेत जाधव भारताच्या संघात. त्याचे सामने दिल्लीत, तिकडे जाणं जमलं नाही. फातोर्डा जवळ, म्हणून 7 ऑक्टोबरला जर्मनीचा सामना बघायला मडगावला गेलो. समोर होते कोस्टा रिकाचे पोरगे. गोल खाल्ला, बरोबरी केली आणि अगदी शेवटी पुन्हा गोल खाऊन 2-1 ने हरले. येताना गाडीत मी त्याच पोरांबद्दल बोलत होतो. पुढच्या वर्षी कोस्टा रिकाकडून विश्वचषक खेळलेला बचावपटू जॉनी अकोस्टा ईस्ट बंगालकडे आला तेव्हा तर माझी खात्रीच पटली की हा देश माझ्या मागे लागलाय.

देश केवढा? महाराष्ट्राचे सहा भाग केले तर त्यातला एक. लोक साधारण 50 लाख. त्यातले चार मोठे क्लब एकाच खोऱ्यात, एकमेकांपासून फार तर तासा-दीड तासावर: राजधानी सान होसेचा साप्रिसा, अलाहुएलाचा अलाहुएलेन्से, एरेदियाचा एरेदियानो आणि कार्तागोचा कार्तागिनेस. जांभळा साप्रिसा आणि लाल-काळा अलाहुएलेन्से यांच्यातलं वैर आमच्या कोल्हापूरच्या पाटाकडील आणि दिलबहार तालमींच्या सामन्यासारखं समजा, फक्त अख्खा देश दोन बाजूंना वाटलेला.

आणि या चौघांत कार्तागिनेस म्हणजे गरीब बिचारा.

1921 मध्ये लीग सुरू झाली, पहिली दोन वर्षं एरेदियानो जिंकला, 1923 मध्ये कार्तागिनेस. मग 1936, मग 1940. त्यानंतर काहीच नाही. म्हणजे अगदीच काही नाही असंही नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. 1994 च्या कॉन्काकॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी मेक्सिकोच्या आत्लान्तेला 3-2 हरवलं. सगळ्या उत्तर आणि मध्य अमेरिकेचे विजेते, आणि घरच्या लीगचा चषक पाहून तोवर अर्धशतक उलटलेलं! 2013 मध्ये अंतिम फेरीत पोहोचले, तर एरेदियानोने पेनल्टीवर मारलं. स्पर्धा वर्षातून दोन झाल्यापासून संधी दुप्पट झाली, म्हणजे निराशाही वर्षातून दोनदा.

गाव मोठं ऐतिहासिक आहे. 1823 पर्यंत देशाची राजधानी हीच. डोक्यावर इरासू ज्वालामुखी, सतत धुकं, म्हणून संघाचं टोपणनाव 'ब्रुमोसोस', धुक्यातले लोक. 1910 च्या भूकंपाने सगळं जमीनदोस्त केलं. गावात देवीचं मोठं चर्च आहे. तिथल्या छोट्या काळ्या मूर्तीला लोक लाडाने 'ला नेग्रिता' म्हणतात, आणि दरवर्षी 2 ऑगस्टला देशभरातून माणसं पायी चालत तिच्या दर्शनाला येतात. वारी म्हणालात तरी चालेल.

शापाची गोष्ट याच चर्चची. सांगतात की 1940 चा चषक जिंकल्यावर खेळाडू दारूच्या नशेत घोड्यावरून थेट देवळात शिरले. पाद्री भडकला आणि म्हणाला, या संघातला शेवटचा माणूस मरेपर्यंत तुम्हाला पुन्हा चषक नाही. दुसरी एक गोष्ट आहे, मैदानाखाली कोणीतरी बाहुला पुरून ठेवल्याची. करणी, दुसरं काय. मला दोन्ही कथा आवडतात, पण हरण्याचं साधं कारण मला वेगळं वाटतं: तीन श्रीमंत शेजारी. बरा खेळाडू तयार झाला की तो तीसेक किलोमीटरवर दुप्पट पगारात जाऊ शकतो, घरही बदलावं लागत नाही. मार्सेल एर्नांदेस हा त्यांचा क्युबन गोलवीर अलाहुएलेन्सेला गेलाच होता. तो परत आला हे नशीब.

आता तुमच्या हंगामाकडे. डिसेंबर 2021 मध्ये आपेर्तुरा एरेदियानोने जिंकली. नेहमीचं नाव, कोणी फार उड्या मारल्या नाहीत. जानेवारीत क्लाउसुरा सुरू झाली. कार्तागिनेसचे प्रशिक्षक हेइनेर सेगुरा. जूनमध्ये राष्ट्रीय संघाचा विश्वचषकासाठीचा शेवटचा सामना होता, दोहात न्यूझीलंडशी, तो 1-0 जिंकून कोस्टा रिका कतारला पात्र ठरली. त्यामुळे लीगचा शेवट रेंगाळत जुलैवर गेला. शेवटची लढत कार्तागिनेस विरुद्ध अलाहुएलेन्से.

तिकडे रात्रीचे आठ म्हणजे आपले दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. या लीगचं हेच मला सोयीचं पडतं: युरोपच्या सामन्यांसाठी जागरण करावं लागतं, इथे चहाबरोबर फुटबॉल. जुलैचा पहिला आठवडा, बाहेर पंचगंगेला पाणी चढत होतं, वारी पंढरपूरच्या वाटेवर होती, आणि मी मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून स्वयंपाकघरात उभा. सामना अलाहुएलाच्या मैदानावर. शेवटची दहा मिनिटं मी चहा ओतून घेतला आणि तो तसाच थंड झाला. आई विचारत होती, कोण खेळतंय? मी म्हटलं, 80 वर्षं न जिंकलेले आहेत. ती म्हणाली, मग आजच कशाला जिंकतील?

जिंकले. शिट्टी वाजली आणि निळ्या-पांढऱ्या कपड्यांतली माणसं मैदानावर नुसती बसून राहिली. बाकावरचे काही तर गुडघ्यावर. एवढ्या मोठ्या विजयावर माणूस आधी उडी मारेल असं आपल्याला वाटतं, पण हे रडत होते. आरसीबीवाल्यांनी 18 वर्षांनी चषक उचलला तेव्हा मला हेच दृश्य आठवलं, आणि मनात म्हटलं, 18? तुम्ही तर अजून लहान आहात.

तर खरा चॅम्पियन कोण? कागदावर एरेदियानो आणि कार्तागिनेस, दोघांनाही एकेक विजेतेपद, सारख्याच वजनाचं. पण कोस्टा रिकात कोणालाही 2022 म्हणा, तो आपेर्तुराचं नाव काढणार नाही.

एक शेवटची गोष्ट, म्हणजे पुढचे तक्ते वाचताना अडणार नाही. हा आनंद फार टिकला नाही. जुलै संपायच्या आत नवी आपेर्तुरा सुरू झाली, पाटी पुन्हा कोरी. ती साप्रिसाने जिंकली. त्यानंतरची क्लाउसुराही साप्रिसाने, पुढच्या दोन्हीही त्यांनीच. म्हणजे 2022-23 आणि 2023-24 या हंगामांत तुम्हाला दोन विजेते शोधावे लागणार नाहीत. दोन्हीकडे जांभळाच रंग आहे.