फ्रेमला तडा गेलाय, सायकल चालवू का?

प्रश्न: नमस्कार. मी नाशिकला राहतो, वय ४६, वजन ९२ किलो. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड ॲल्युमिनियमची हायब्रिड सायकल घेतली, रोज इंदिरानगर ते सातपूर एमआयडीसी, जाऊन येऊन १६ किलोमीटर होतात. गेल्या आठवड्यात सायकल धुताना सीटच्या पाईपला मागच्या बाजूने केसासारखी रेघ दिसली, क्लॅम्पखालच्या खाचेपासून निघून खाली वेल्डिंगकडे गेलीये, दोनेक सेंटिमीटर असेल. चालवताना काही जाणवत नाही, फक्त चढावर कधीतरी कुरकुर आवाज येतो. ओळखीचा वेल्डर म्हणतोय ३०० रुपयांत आर्गन (आर्गन गॅसचं वेल्डिंग) मारून देतो, कायमचं काम. मुलगा पण क्लासला हीच सायकल नेतो. नुसता रंगाला तडा असेल का? चालवत राहू का?

उत्तर: दादा, बाकीचं नंतर वाचा, आधी मुलाला सांगा की आजपासून ही सायकल न्यायची नाही, आणि तुम्हीपण नेऊ नका. चार दिवस बसने किंवा शेअर रिक्षाने जा.

आता रेघेचं बघू. रंगाला तडे जातात हे खरंय, पण तुमची रेघ जिथून सुरू होते ती जागा मला अजिबात आवडलेली नाही. सीटच्या पाईपला मागे जी उभी खाच असते तिच्या तळापासूनच चीर निघते, हे मी बऱ्याच फ्रेममध्ये बघितलंय, सगळा ताण तिथे येऊन गोळा होतो म्हणून. तरी खात्री करून घ्या. सीटपिलर, म्हणजे सीटखालचा दांडा, बाहेर काढा, ती जागा साबणाने धुवून कोरडी करा आणि मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरपा धरा. मग बारीक पॉलिश पेपरने रेघेवरचा रंग नखाएवढ्या जागेत घासून काढा. खाली धातू स्वच्छ चकचकीत निघाला आणि रेघ गायब झाली तर रंगच होता. उघड्या धातूवरही रेघ दिसतीये किंवा नख आडवं फिरवल्यावर अडकतंय, तर तो तडाच. स्टीलच्या फ्रेमला अशा ठिकाणी गंजाची तपकिरी रेघ उमटते म्हणून लवकर कळतं, ॲल्युमिनियमला तसा लाल गंज येत नाही, त्यामुळे माणूस फसतो.

तुम्ही सातपूरला जाता हे तर फारच बरं झालं, तिथे कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे डीपी टेस्टचे (चिरेत रंग शिरवून ती शोधायची चाचणी) तीन स्प्रे असतात, एक क्लीनर, एक लाल रंगाचा आणि एक पांढरा. जागा क्लीनरने साफ करायची, लाल मारून १०-१५ मिनिटं थांबायचं, मग फडक्याने वरचा लाल पूर्ण पुसायचा (क्लीनर थेट जागेवर मारायचा नाही, फडक्यावर घ्यायचा, नाहीतर चिरेत गेलेला लालपण धुऊन निघतो) आणि वर पांढरा पातळ फवारायचा. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन वर येतो, आणि ती रेघ डोळ्याने दिसत होती त्यापेक्षा बरेचदा लांब निघते.

असं झालं कशाने? माझा पहिला संशय सीटच्या उंचीवर आहे. सीटपिलरवर एक आडवी खूण असते, मिनिमम इन्सर्शनची, म्हणजे कमीत कमी एवढा दांडा आत हवा याची, ती पाईपच्या आत गेलीच पाहिजे. मी तर म्हणतो पिलरचं खालचं टोक वरच्या आडव्या पाईपच्या जोडाच्याही खाली उतरलेलं हवं. उंच माणूस छोटी फ्रेम घेतो, सीट वर वर काढत जातो, मग आत पाच सेंटिमीटर पिलर उरतो आणि ९२ किलो वजन त्या तेवढ्याशा तोंडावर तरफेसारखं मागे रेटत राहतं. दुसरी शक्यता म्हणजे आधीच्या मालकाने चुकीच्या मापाचा पिलर घातलाय, २७.२ मिलिमीटरच्या जागी २७, आणि घसरू नये म्हणून बोल्ट जीव तोडून आवळलाय. पिलरवर माप कोरलेलं असतं, वाचून घ्या.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही म्हणता काही जाणवत नाही. ॲल्युमिनियमची हीच भीती आहे. साधा हिशेब करा, आठ किलोमीटरला अर्धा तास धरला आणि मिनिटाला ६५ वेळा पॅडल फिरलं तर जवळपास २००० फेरे, प्रत्येक फेऱ्यात दोन्ही पाय रेटतात म्हणजे ४००० दाब, येताना तेवढेच, वर्षाला ३०० दिवस धरले तरी २४ लाख. दर दाबाला फ्रेम किंचित वाकून परत सरळ होते. स्टीलमध्ये ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते कितीही वेळा वाकलं तरी सहसा थकत नाही, ॲल्युमिनियमला अशी ठाम मर्यादाच नाही, छोटे ताणसुद्धा हिशेबात धरले जातात. आणि एकदा चीर पडली की ती जेवढी लांब होते तेवढी पुढे वाढायचा वेगही वाढतो. म्हणून चिरेच्या टोकाला पेन्सिलने खूण करायची, तारीख टाकायची आणि वाढतेय का बघत चालवत राहायचं हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दोन महिने एक मिलिमीटर सरकलेली चीर तिसऱ्या महिन्यात एका खड्ड्याला पूर्ण उघडू शकते.

सायकलच्या आयएसओ ४२१० या स्टँडर्डमध्ये फ्रेमची एक चाचणी आहे, दोन्ही पॅडलवर आळीपाळीने जोर देतात, तुमच्या प्रकारच्या सायकलला १००० न्यूटन, म्हणजे अंदाजे १०० किलो वजनाएवढा, असं १ लाख वेळा. शेवटी फ्रेम मोडली नाही एवढ्यावर ती पास होत नाही, डोळ्याला दिसणारा तडा निघाला तरी नापास. तुमच्या फ्रेमला तो आत्ताच दिसतोय.

वेल्डरबद्दल. माणूस प्रामाणिक असेल, हातही चांगला असेल, तरी नको. सायकलला बरेचदा ६०६१ नावाचं ॲल्युमिनियम वापरतात, त्याची ताकद हीट ट्रीटमेंटमधून आलेली असते. कारखान्यात फ्रेम वेल्ड करून झाली की अख्खी भट्टीत ५३० डिग्रीच्या आसपास तापवतात, पाण्यात थंड करतात, आणि परत १७० डिग्रीच्या आसपास काही तास ठेवतात. वेल्डरने नुसतं आर्गन मारलं की शिवणीच्या दोन्ही बाजूची पट्टी मऊ पडते, तिथली ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि नवीन तडा जुन्याच्या शेजारीच जातो. वरून शिवण जाड, सुंदर दिसते, त्यामुळे आपण निर्धास्त होतो. वेल्डरला विचारा, नंतर हीट ट्रीटमेंट करणार का? गप्प बसेल. टोकाला ड्रिलने भोक पाडून चीर थांबवायची युक्तीही लोक सांगतात, त्याने चीर थोडी रेंगाळते एवढंच, रोज माणूस बसणार त्या वस्तूवर हा उपाय मी धरत नाही.

तडा कुठे आहे यावर धोका बदलतो हे मात्र मान्य करतो. सीटच्या पाईपला गेला तर सीट मागे कलते, बहुतेक वेळा आधी समजतं. चेनजवळच्या मागच्या पाईपला गेला तर चाक तिरकं होऊन टायर घासायला लागतो. पण हँडलखालचा छोटा उभा पाईप, त्याला जोडलेला खालचा तिरका पाईप, किंवा पुढचं चाक धरणारा चिमटा, इथे गेला तर सावरायला वेळच मिळत नाही. माझ्या मित्राची सायकल पुण्यात पाषाणला एका स्पीडब्रेकरवर हँडलच्या मागे तुटली, महिनाभर कटकट आवाज येत होता आणि आम्ही दोघं बीबीला (पॅडलच्या एक्सलच्या बेअरिंगला) ग्रीस लावत बसलो होतो. मनगट आणि समोरचे दोन दात गेले. तो आवाज मी ओळखायला हवा होता, त्यामुळे आता कुणी कुरकुर म्हटलं की मी आधी फ्रेम पुसायला लावतो.

तडा पक्का निघाला तर तुम्ही फक्त फ्रेम बदला. चाकं, गिअर, ब्रेक, हँडल बहुतेक नव्या फ्रेमवर चढतील, मेकॅनिककडून चाकाचा साईझ, बीबीची रुंदी आणि पिलरचं माप लिहून घ्या आणि यावेळी फ्रेम तुमच्या उंचीची घ्या. वॉरंटी बहुतेक पहिल्या मालकालाच असते, तरी त्याच्याकडे बिल असेल तर एकदा विचारून बघायला काय जातं.

प्रश्न: चिपळूणहून लिहितेय. वडिलांची काळी २४ इंची सायकल आहे, पॅडलच्या एक्सलजवळ मागचा पाईप जिथे आत शिरतो तिथे चिरलीय. वडील आता नाहीत. मला ती टाकायची नाहीये. होईल का दुरुस्त?

उत्तर: ताई, होईल, बरीच आशा आहे. ती स्टीलची फ्रेम आहे, सांध्यांमध्ये पाईप घालून पितळाने जोडलेली, आणि पितळाचा जोड परत तापवून नव्याने करता येतो. फक्त आर्क वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. पाईप पातळ, भोक पडतं, शिवाय जुनं पितळ वितळून स्टीलमध्ये शिरलं की शिवण तिथेच तडकते. गॅसवर पितळ भरणारा जुना कारागीर शोधा, वेळ लागला तरी चालेल.

त्याआधी गंज बघा. कोकणातला पाऊस सीटच्या पाईपमधून खाली उतरतो आणि नेमका पॅडलच्या एक्सलच्या पेटीत साचतो. एक्सल काढून आत टॉर्च मारा, बाहेरून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका आणि टोकाने दाबून बघा. खणखणीत वाजलं तर बरं, खपल्या पडल्या किंवा टोक आत गेलं तर तो पाईपच नवा घालावा लागेल, नुसतं वर पितळ लावून काही होणार नाही.

काम झाल्यावर दोरा लावून बघा. मागच्या चाकाच्या खोबणीपासून दोरा हँडलच्या पाईपाला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खोबणीला बांधायचा, ताणून, आणि सीटच्या पाईपापासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक चालतो, जास्त असेल तर कारागिराला तिथेच सरळ करायला सांगा. मग बाजारापर्यंत, सपाटीवर, खुशाल चालवा, दर महिन्याला तो सांधा पुसून बघा. कुंभार्ली घाटात मात्र ती नेऊ नका, आणि मागे कॅरियरवर कुणाला बसवू नका.

प्रश्न: क्रॅक गेलेली ॲल्युमिनियमची फ्रेम भंगारवाल्याला दिली तर चालेल ना?

उत्तर: द्या, पण अख्खी देऊ नका. रंग मारून ती परत कुणाच्या तरी हातात जाते, आणि घेणाऱ्याला काही माहीत नसतं. हॅकसॉने वरचा आणि खालचा असे दोन्ही पाईप मधून कापा, दहा मिनिटांचं काम आहे, भंगारात वजनाचे पैसे तेवढेच मिळतात.