तिखटाचा आकडा सांगण्याआधी

अमेरिकेत आयोवा-इंडियानातल्या छोट्या गावात बहुतेकदा एकच भारतीय रेस्टॉरंट असतं आणि तिथला मेन्यू पंजाबी वळणाचा. वेटर तिखट किती हवं विचारेल: माइल्ड, मीडियम, हॉट किंवा १ ते ५. 'इंडियन हॉट' सांगू नकोस. ग्रेव्ही आधीच शिजलेली असते, त्यामुळे वरून लाल तिखट पडतं. ते कच्चंच राहतं, घशाला लागतं आणि चव काही वाढत नाही. मीडियम सांग, सोबत चिरलेली हिरवी मिरची, कांदा, लिंबू मागून घे. मेन्यूत नसलं तरी सहसा मिळतं.

टिक्का मसाला, कोर्मा क्रीममुळे गोडसर लागतात. घरच्या चवीच्या जवळ जायचं तर दाल तडका, चना मसाला, भेंडी. भाजीबरोबर भात बहुधा येतो, नान-रोटीचे पैसे वेगळे. एक भाजी दोघांना पुरते. उरलं तर बिनधास्त डबा माग.

शाकाहारी असशील तर समोसा आणि चिकन पकोडा एकाच तेलात तळतात का, हे आधी विचार.

दुपारचा बफे असेल तर उघडताच जा. तासाभराने नान चामट होतं, पनीर रबरासारखं. ताजं नान मागितलं तर बरेच जण आणून देतात. दुपारी अडीच-तीन ते पाच स्वयंपाकघर अनेकदा बंद, म्हणून आधी फोन कर.

टेबलावर वाढलं तर टिप १८ ते २० टक्के, कर धरायच्या आधीच्या रकमेवर.